शिकागोचा पिझ्झा: कोणता खायचा, कुठे खायचा आणि कसा मागवायचा

शिकागोला जाणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत डीप डिश पिझ्झा असतो, आणि तो असायलाच हवा. पण या शहरातली माणसं शुक्रवारी संध्याकाळी घरी जो पिझ्झा मागवतात तो पातळ, कडक आणि वड्या पाडाव्यात तसा चौकोनी कापलेला असतो. त्याला टॅव्हर्न स्टाइल म्हणतात; टॅव्हर्न म्हणजे बिअरचा बार. बाहेरून आलेल्या बहुतेकांना त्याचं नावही माहीत नसतं, आणि ते डीप डिशच्या दोन फोडी खाऊन, पोट जड करून परततात. शहरात दोनच दिवस असतील तर एक जेवण डीप डिशचं करा आणि एक टॅव्हर्नचं. तिसरं जेवण हाताशी असेल तर इटलीतले किंवा अमेरिकेतल्या दुसऱ्या गावांचे प्रकारही इथे उत्तम मिळतात. त्यांच्याविषयी पुढे लिहिलं आहे.

डीप डिश

हा पिझ्झा कसा बनतो ते समजून घेतलं की मागवताना चुका होत नाहीत. साधारण ५ सेंटीमीटर खोल, गोल, काळ्या पोलादी भांड्याला तेल लावतात आणि पीठ हाताने थापत थापत कडेवर चढवतात. त्यावर आधी मोझरेलाच्या चकत्या, मग सॉसेज किंवा भाज्या आणि सगळ्यात वर ठेचलेला टोमॅटो. नेहमीच्या पिझ्झ्याच्या बरोबर उलटा क्रम. जाडीमुळे भट्टीत तो ३० ते ४० मिनिटं राहतो, आणि तेवढ्या वेळात वरचं चीज करपून गेलं असतं. म्हणून ते टोमॅटोच्या खाली झाकलेलं. चीज किसून न घालता चकत्या एकमेकींवर चढवून लावतात, म्हणजे वरच्या टोमॅटोचं पाणी तळाच्या पिठापर्यंत झिरपत नाही. जिथे हे काम घाईत होतं तिथे तळ ओला राहतो आणि फोड उचलताना वाकते.

पिठाची गंमत आपल्याला पटकन कळेल, कारण ती करंजीच्या पारीची आहे. यात तेलाचं भरपूर मोहन असतं. घरगुती पाककृतींत मैद्याच्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकं तेल येतं, म्हणजे ४०० ग्रॅम मैद्याला ८० ते १०० ग्रॅम. हे तेल बहुतेक वेळा मक्याचं असतं. पीठ मळायचं ते एक-दोन मिनिटं, फक्त गोळा होईपर्यंत. जास्त मळलं तर ते चिवट होतं आणि पावासारखं फुगतं. कमी मळलं की खुसखुशीत राहतं, दाताखाली मोडतं. पिवळसर रंगामुळे पुष्कळ लोक यात मक्याचं पीठ आहे असं धरून चालतात. लू मालनाटीज या इथल्या नावाजलेल्या दुकानाच्या पिठात ते नसतं.

या प्रकाराची सुरुवात झाली ती जागा अजून चालू आहे. ओहायो स्ट्रीट आणि वॉबॅश अ‍ॅव्हेन्यूच्या कोपऱ्यावर १९४३ साली आइक स्युएल आणि रिक रिकार्डो यांनी जे दुकान काढलं तेच पुढे पित्झेरिया उनो झालं. १९५५ मध्ये जवळच दुसरं, पित्झेरिया दुए, उघडलं. पहिला डीप डिश नक्की कोणाच्या हातचा यावर शिकागोत अजून वाद होतात. उनोमध्ये काम करणाऱ्या रूडी मालनाटी यांचं नाव घेतलं जातं. उनोमध्ये आणि नंतर जिनोज ईस्ट या दुसऱ्या दुकानात पीठ सांभाळणाऱ्या अ‍ॅलिस मे रेडमंड यांचं नाव मात्र फार कमी घेतलं जातं. ते घ्यायला हवं, कारण दुकानं मालकांच्या नावावर उभी राहिली तरी रोजचं पीठ त्यांच्यासारख्यांच्या हातून गेलं. शहरातल्या लोकल रेल्वेच्या रेड लाइनवर ग्रँड स्टेशनला उतरलात की उनो चालत पाच मिनिटांच्या आत येतं. जुनी जागा पाहण्यासाठी जरूर जा. पण एकच डीप डिश खायचा असेल तर तो इथे खाऊ नका.

तो खायचा लू मालनाटीजमध्ये. रूडी यांचा मुलगा लू याने १९७१ साली लिंकनवुड या उपनगरात पहिलं दुकान काढलं. आज शहरभर आणि उपनगरांत शाखा आहेत. मध्यवस्तीत राहणाऱ्यांना वेल्स स्ट्रीटची शाखा सोयीची, ब्राउन लाइनचं मर्चंडाइज मार्ट स्टेशन जवळ आहे. नातेवाइकांकडे नेपरव्हिल किंवा शॉमबर्गला उतरला असाल, आणि मराठी पाहुणे बहुधा तिकडेच उतरतात, तर शहरात येण्याचीही गरज नाही. दोन्हीकडे शाखा आहेत आणि रांग तुलनेने लहान असते. शाखा एवढ्या वाढूनही इथली कड पातळ राहिली आहे. जाड पिझ्झा म्हणजे जाड पीठ असा समज इथे मोडतो: पीठ अर्धा सेंटीमीटरच्या आसपास, बाकी सगळी उंची चीज आणि टोमॅटोची. टोमॅटो फार शिजवून सॉस केलेला नसतो, मोठे तुकडे तसेच दिसतात आणि आंबटगोड चव स्वच्छ लागते. ‘बटरक्रस्ट’ हा थोड्या जास्त पैशांचा पर्याय घ्या. लोण्यामुळे कड नानकटाईच्या जवळ जाते आणि वरच्या आंबट टोमॅटोला ती चांगली पेलते.

मांसाहारी असाल तर ‘मालनाटी शिकागो क्लासिक’ मागवा. यातलं सॉसेज तुकड्यांत नसतं. डुकराच्या मांसाचा एक पातळ थर थापून पिझ्झाभर पसरलेला असतो, त्यामुळे प्रत्येक घासात सारखं येतं. शाकाहारी असाल तर ‘द लू’: पालक, मशरूम, टोमॅटोच्या चकत्या आणि तीन प्रकारचं चीज. भाज्यांचा डीप डिश स्वतःच्या मनाने जुळवताना एक काळजी घ्या. मशरूम, ढोबळी मिरची आणि कांदा तिन्ही एकत्र घातले की ते अर्ध्या तासात एवढं पाणी सोडतात की तळ भिजतोच. एक पाणीदार भाजी पुरे. तिच्या जोडीला ऑलिव्ह किंवा लसूण घ्या.

किती मागवायचा? इथले आकार ६, ९, १२ आणि १४ इंच. ९ इंची दोघांना, १२ इंची तिघांना आणि १४ इंची चौघांना पुरतो, आणि हा हिशोब भुकेल्या माणसाचा आहे. आपल्याकडे पिझ्झा म्हणजे माणशी तीन-चार फोडी, म्हणून चार जण दोन मोठे मागवतात आणि एक तसाच उरतो. इथे दोन फोडींत जेवण होतं. १२ इंची पिझ्झ्याला वर काय आहे त्यानुसार साधारण २५ ते ३५ डॉलर धरा. त्यावर मध्यवस्तीत जवळपास १२ टक्के कर आणि टेबलावर वाढणाऱ्याला १८ ते २० टक्के टीप, हे धरूनच बजेट करा.

वेळेचं गणित महत्त्वाचं. शनिवारी संध्याकाळी टेबल मिळायला तासभर आणि त्यानंतर पिझ्झा यायला ४० मिनिटं लागू शकतात. दारातच नाव नोंदवताना पिझ्झाही सांगता येईल का असं विचारा. डीप डिशच्या जुन्या दुकानांत ही रीतच आहे, कारण भट्टीचा वेळ कोणालाच कमी करता येत नाही. लहान मुलं बरोबर असतील तर दुपारी तीन-साडेतीनला जा. आणि मधल्या वेळेत लसणीचा पाव, तळलेलं चीज असं काही मागवू नका. एक सॅलड पुरे. ज्यांना डीप डिश ‘फार जड’ वाटला त्यातल्या अनेकांनी तो येण्याआधीच निम्मं जेवण केलेलं असतं.

पिझ्झा टेबलावर आला की चार-पाच मिनिटं थांबा. टोमॅटो उष्णता धरून ठेवतो, वरून वाफ दिसत नसली तरी आत जीभ पोळेल इतकं गरम असतं. शिवाय चीज जरा बसलं नाही तर पहिली फोड काढताच सगळा ऐवज भांड्यात ओघळतो. काटा-सुरीने खायचा. हातात धरून खाण्याचा अट्टहास इथे कोणी करत नाही.

जिनोज ईस्ट १९६६ सालचं. इथली कड जास्त पिवळी, जास्त दाणेदार आणि जाड. भिंतींवर लोकांनी नावं लिहून ठेवली आहेत, मुलांना ते फार आवडतं. ज्यांना कडेचा भाग खायला आवडतो त्यांनी इथे यावं. चीज-टोमॅटोच्या तोलात मालनाटीज पुढे आहे.

पेक्वॉड्सची खरवड

क्लायबॉर्न अ‍ॅव्हेन्यूवरचं पेक्वॉड्स वेगळ्या मथळ्याखाली यायलाच हवं, कारण नावाला डीप डिशच्या यादीत असलं तरी हा पदार्थ निराळा आहे. पीठ पावासारखं, हवेशीर, जाड. मोहनाचा खुसखुशीतपणा यात नाही. खासियत आहे ती कडेची. बर्ट कॅट्झ या पिझ्झावाल्याने मॉर्टन ग्रोव्ह उपनगरात हे दुकान सुरू केलं. त्याची युक्ती अशी की पीठ आणि भांड्याची भिंत यांच्यामध्ये चीज घालायचं. भट्टीत ते तापलेल्या लोखंडाला चिकटतं, त्यातलं पाणी उडून जातं, तूप सुटतं आणि मागे राहतो तो जवळजवळ काळा, चकचकीत, चटकन मोडणारा पट्टा.

दुधाच्या पातेल्याची खरवड ज्यांनी भांडून खाल्ली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तोच खमंगपणा, तीच किंचित कडू कड, वर चीजचा खारटपणा. पाहणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की पिझ्झा करपला. करपलेला नसतो. करपलेला आणि बरोबर झालेला यातला फरक उलट्या बाजूला दिसतो: फोड उचलून तळ पाहा. तळ सोनेरी-तपकिरी आणि फक्त कड काळपट असेल तर भट्टी अचूक होती. तळही काळा असेल तर परत करायला हरकत नाही.

फुलरटन स्टेशनवरून (रेड आणि ब्राउन लाइन) चालत वीसेक मिनिटं लागतात. गर्दी कायमची. इथे पिझ्झावर साधं टॉपिंग घ्या, एक किंवा दोन. पीठच एवढं भरीव आहे की वर पाच गोष्टी घातल्या की मधला भाग कच्चट राहण्याचा धोका वाढतो, आणि ज्यासाठी आलात त्या कडेची चवही झाकली जाते.

स्टफ्ड

डीप डिश आणि स्टफ्ड एकच, असं बाहेर सर्रास समजलं जातं. स्टफ्डमध्ये चीज आणि सारणावर पिठाची आणखी एक पातळ पोळी येते, तिला वाफ जायला भोकं पाडतात आणि तिच्यावर सॉस ओततात. १९७० च्या दशकात नॅन्सीज आणि जिओर्डानोज या दोन दुकानांनी तो गाजवला. मूळ कल्पना इटलीत ईस्टरला करतात त्या भरलेल्या पायची. फोटोत चीजची लांब तार ओढलेली दिसते ती बहुधा याचीच.

आमच्या मते तिन्ही जाड प्रकारांत हा शेवटचा. वरची पोळी भट्टीत असतानाच सॉसखाली बुडालेली असते, त्यामुळे ती भाजली न जाता उकडली जाते आणि चीजमध्ये विरघळल्यासारखी लिबलिबीत लागते. चीजचं प्रमाणही इतकं की दुसऱ्या फोडीपर्यंत चव एकसुरी होते. तरीही खायचाच असेल तर पालक घातलेला घ्या. पालकाने निदान चीजचा थर तुटतो. सर्वांत लहान आकार मागवा.

टॅव्हर्न स्टाइल

या शहराचा रोजचा पिझ्झा हा. पोलाद गिरण्या आणि कत्तलखान्यांच्या वस्त्यांमध्ये कामगार संध्याकाळी ज्या बारमध्ये बसत तिथे बिअरबरोबर खारट, कुरकुरीत काहीतरी दिलं तर बिअर जास्त खपे. ताटल्या द्यायची सोय नव्हती, म्हणून कागदी रुमालावर मावतील असे छोटे चौकोन कापले जाऊ लागले. पुढे बिअर बाजूला राहिली आणि चौकोन घराघरांत गेले.

याचं पीठ हाताने उडवून ताणत नाहीत, लाटतात. मोठ्या दुकानांत लाटायचं मशीन असतं. लाटलेल्या पोळ्या चांगल्या दुकानांत दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये ठेवून थोड्या सुकू देतात. पापड वाळवतो त्यामागचं तर्कशास्त्र इथे लागू आहे: पृष्ठभागावरचं पाणी कमी झालं की भट्टीत पोळी फुगण्याऐवजी कडक होते. फुगे येऊ नयेत म्हणून तिला टोचे मारतात, कडक पुऱ्यांना मारतो तसे. खाली मक्याचा रवाळ भरडा भुरभुरतात, म्हणजे फळीवरून भट्टीत घसरते आणि तळाला चिकटत नाही. भट्टी साधारण २६० ते २९० अंश सेल्सियसची, वेळ १० ते १४ मिनिटं. सॉस आणि चीज थेट काठापर्यंत, कोरी कड जवळजवळ नसतेच.

कापतात ते चौकोनी जाळीत. मधल्या वड्यांना कड नसते, चीज जास्त. बाहेरच्या वड्या जास्त कुरकुरीत. आणि चार ठिकाणी सुपारीएवढे त्रिकोणी तुकडे उरतात, ज्यांवर घरातल्या मुलांचा हक्क असतो. चांगला झालाय की नाही ते पाहायची सोपी खूण: मधली वडी कडेला धरून आडवी उचला. तिने सरळ राहायला हवं. ती वाकली तर पोळी ओली लाटली गेली आहे किंवा सॉस जास्त पडला आहे.

खरी तीर्थयात्रा दक्षिण भागातल्या व्हिटो अँड निक्सची. पुलास्की रोडवर, ८४व्या रस्त्याच्या आसपास, बर्राको कुटुंबाचं जुनं दुकान. आत भिंतींनाही गालिचा लावलेला आहे. पोळी एवढी पातळ की प्रकाशात धराविशी वाटते, तळ ठिपक्याठिपक्यांनी भाजलेला, सॉस जरा तिखट. मांसाहारी लोकांनी सॉसेजचाच मागवावा: बडीशेप घातलेलं कच्चं सॉसेज चिमटीने तोडून पोळीवर टाकतात आणि ते चीजबरोबर भाजलं जातं, त्यामुळे रस पिझ्झ्यातच राहतो. हे दुकान रोखीवर चालत आलं आहे, खिशात डॉलरच्या नोटा ठेवा. ऑरेंज लाइनने पुलास्कीला उतरून ५३ए बस दक्षिणेला जाते. सोयीचा योग म्हणजे मिडवे विमानतळ: तिथून गाडीने जवळ आहे, त्यामुळे विमान मिडवेचं असेल तर येताना किंवा जाताना हे जेवण बसवता येतं.

एवढ्या लांब जाणं जमत नसेल तर उत्तरेकडे लिंकन अ‍ॅव्हेन्यूवर पॅट्स आहे, १९५० सालापासूनचं. ब्राउन लाइनच्या डायव्हर्सी स्टेशनपासून थोडं चाललं की झालं. इथली पोळी व्हिटो अँड निक्सपेक्षाही कोरडी, खाकऱ्याच्या अंगाने जाणारी. पश्चिमेकडे ३१व्या रस्त्यावरचं होम रन इन १९२३ साली बार म्हणून सुरू झालं आणि १९४७ पासून पिझ्झा करू लागलं. त्याची कड थोडी जाड आणि लोण्याच्या चवीची. त्याचा गोठवलेला पिझ्झा किराणा दुकानांत मिळतो. भाड्याच्या घरात ओव्हन असेल तर तो आणा. बाकी गोठवलेल्या पिझ्झ्यांच्या मानाने तो फार वरचा आहे.

टॅव्हर्न पिझ्झा हॉटेलवर मागवून खाऊ नका. बंद खोक्यात वाफ कोंडते आणि पंधरा मिनिटांत पापडाची पोळी होते. मागवावाच लागला तर ‘वेल डन’ सांगा, म्हणजे दोन मिनिटं जास्त भाजतात, आणि खोकं हातात आल्याबरोबर झाकण उघडा. दुकानातही ‘वेल डन’ सांगायला कचरू नका, शिकागोकर स्वतः तसंच सांगतात.

आणि जार्डिनेरा. हा शब्द लक्षात ठेवा, कारण मराठी जिभेसाठी शिकागोच्या पिझ्झ्यावर यापेक्षा चांगलं टॉपिंग नाही. तिखट मिरच्या, फ्लॉवर, गाजर, सेलरी आणि ऑलिव्ह बारीक चिरून, मुरवून तेलात ठेवतात. बाटलीत ते आपल्या मिश्र भाज्यांच्या लोणच्यासारखंच दिसतं. मोहरी-हिंग नाही, पण तेलात मुरलेल्या मिरचीचा तोच ठसका. ‘हॉट’ आणि ‘माइल्ड’ दोन प्रकार; ‘हॉट’ आपल्याला झेपतो. एकच सूचना: पातळ पिझ्झ्यावर ते तेल सोडतं. म्हणून अर्ध्या भागावर घाला किंवा वाटीत वेगळं मागवून वडीवर घ्या. येताना दोन बाटल्या आणा, पण चेक-इन सामानात. तेलातली बाटली हातातल्या बॅगेत सुरक्षा तपासणीला अडकते.

बाहेरून आलेले प्रकार

शिकागोने दुसऱ्या गावांचे पिझ्झेही मनापासून उचलले आहेत. त्यातले चार सांगण्यासारखे.

नापोलीचा पिझ्झा रेव्हन्सवुडमधल्या स्पाक्का नापोलीत खावा. २००६ पासून चालू आहे, ब्राउन लाइनच्या माँट्रोज स्टेशनजवळ. लाकडाची भट्टी, ४३० अंशांच्या वर उष्णता, ६० ते ९० सेकंदांत पिझ्झा बाहेर. कडेवर बिबट्यासारखे काळे ठिपके येतात ते करपल्याची खूण नाही, पीठ सावकाश आंबवल्याची आहे. मधला भाग ओलसर असणारच, तो असाच असतो. काटा-सुरीने खा आणि लगेच खा. गप्पांत दहा मिनिटं गेली की पीठ रबरासारखं होतं. माणशी एक मागवायचा. साध्या मार्गेरितात टोमॅटो, मोझरेला, तुळशीच्या जातीची बेझिल आणि तेल एवढंच असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी साऱ्या शहरात हाच पिझ्झा सर्वांत सोपा, कारण अमेरिकी सॉसमध्ये लसूण जवळजवळ ठरलेलीच असते. तरी एकदा विचारून घ्या. मारिनारा चुकून मागवू नका. त्यात चीज नाही आणि लसूण भरपूर.

रोमचा तुकड्यांनी विकला जाणारा पिझ्झा वेस्ट लूपमध्ये बोन्चीत मिळतो. रोमच्या गाब्रिएले बोन्ची यांची ही अमेरिकेतली पहिली शाखा, २०१७ सालची. ग्रीन आणि पिंक लाइनचं मॉर्गन स्टेशन जवळ. लांब आयताकृती ट्रे मांडलेले असतात, हाताने माप दाखवायचं, कात्रीने कापतात, वजन करतात आणि पुन्हा गरम करून देतात. भाव वजनावर असल्यामुळे बटाटा किंवा जाड भाज्यांचा तुकडा दिसायला लहान असूनही महाग पडतो, हे आधी लक्षात घ्या. दोन बोटं रुंदीचे चार वेगवेगळे तुकडे घेणं सर्वांत फायद्याचं. शाकाहारी प्रकार रोजच पुष्कळ असतात, आणि एकट्याने फिरणाऱ्याला याहून सोयीची जागा नाही.

न्यू हेवनच्या पद्धतीचा पिझ्झा विकर पार्कमधल्या पीसमध्ये, ब्लू लाइनच्या डेमन स्टेशनजवळ. पातळ, लांबट, वेडावाकडा, कडेला चांगलाच भाजलेला. मागवताना गफलत होते ती इथे: ‘प्लेन’ म्हणजे टोमॅटो, लसूण आणि थोडं पार्मेझान, मोझरेला त्यात नसतं. चीजचा नेहमीचा पिझ्झा हवा असेल तर ‘रेड’ मागा. ‘व्हाइट’मध्ये टोमॅटो नाही, ऑलिव्ह तेल, लसूण आणि मोझरेला. व्हाइटवर कुस्करलेला बटाटा घालून मागवा. ऐकायला विचित्र वाटेल, पण बटाटा आणि लसणीची जोडी आपल्याला नवी नाही आणि ती जमलेली आहे. बिअर ते स्वतः बनवतात.

डेट्रॉइटचा चौकोनी पिझ्झा लोगन स्क्वेअरच्या पॉली जीजमध्ये. १९४६ साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालेला हा प्रकार पोलादाच्या आयताकृती भांड्यात भाजतात, चीज भिंतीला लागतं आणि पेक्वॉड्ससारखीच खरवड तयार होते. सॉस शेवटी वरून पट्ट्यांत घालतात. मोठा फरक पिठात आहे: हे जास्त ओलं, जाळीदार, हलकं. पेक्वॉड्सला जायला जमलं नाही तर चुकलेली कड इथे भरून काढता येते. कोपऱ्याचे तुकडे आधी संपतात.

शाकाहारींसाठी, आणि उरलेल्याचं काय

मेनूवर ‘सॉसेज’ एवढंच लिहिलं असेल तर ते डुकराचं असतं. ‘पेपरोनी’ बहुधा डुकराचं आणि गाईचं मिळून. ‘इटालियन बीफ’ हेही शिकागोत पिझ्झ्यावर घालतात, आणि नावाप्रमाणे ते गोमांसच आहे. अर्धा शाकाहारी, अर्धा मांसाहारी असा एकच पिझ्झा मागवता येतो, पण जाड प्रकारात रस आणि चरबी मधली रेघ पाळत नाहीत. कडक शाकाहारी असाल तर वेगळाच मागवा. पार्मेझान अनेकदा वासराच्या पोटातल्या विकराने केलेलं असतं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी ‘नो पार्मेझान’ सांगावं, कारण पुष्कळ ठिकाणी न सांगता वरून भुरभुरतात. दुकानात सगळे पिझ्झे एकाच चाकाने कापले जातात, तेही ज्याला महत्त्वाचं वाटतं त्याने सांगितलं तर वेगळी सुरी घेतात.

डीप डिश उरणारच. तो मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका: मोहनाची खुसखुशीत कड मिनिटभरात चामडी होते. ओव्हन असेल तर १७५ अंश सेल्सियसवर १५ ते २० मिनिटं, वर सैल फॉइल. नसेल तर जाड बुडाचा तवा मंद आचेवर ठेवा, फोड त्यावर कोरडीच ठेवा, झाकण घाला आणि आठ-दहा मिनिटं हात लावू नका. झाकणाला पाणी सुटलं की ते पुसून परत झाका, म्हणजे थेंब टोमॅटोवर पडून खाली उतरत नाहीत. शेवटची दोन मिनिटं झाकण काढून ठेवा. तळ पुन्हा कडक होतो आणि आतलं चीज तोवर सैल झालेलं असतं. टॅव्हर्नच्या वड्यांना याच तव्यावर झाकण न घालता तीन मिनिटं पुरतात.